भूमिगत इंधन टाकीच्या परिसरातील मृदा प्रदूषणाची तपासणी

पेट्रोल पंप, कारखाना किंवा बस आगार यांच्या आवारात पूर्वी वापरात असलेल्या भूमिगत टाकीतून इंधन झिरपले आहे काय, झिरपले असल्यास ते किती खोल व किती दूर गेले आहे आणि त्यापासून कोणास धोका आहे, हे ठरवण्याची पद्धतशीर प्रक्रिया म्हणजे ही तपासणी होय. टाकी उकरून काढली की प्रश्न मिटला, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः टाकी हे केवळ उगमस्थान असते. मातीत मुरलेले इंधन टाकीबरोबर बाहेर येत नाही.

पार्श्वभूमी

आगीचा धोका कमी व्हावा म्हणून विसाव्या शतकात इंधनाच्या टाक्या जमिनीखाली पुरण्याची पद्धत रूढ झाली. यांतील बहुतेक टाक्या एकपदरी पोलादी होत्या. ओलसर मातीत त्या गंजत. तसेच नळांच्या जोडांतूनही गळती होई. अमेरिकेत १९८४ मध्ये यासंबंधी कायदेशीर तरतूद झाली, १९८८ मध्ये सविस्तर नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही अंतिम मुदत ठरली. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराने १९९६ मध्ये आपल्या अनेक विहिरी बंद केल्या. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई हा पदार्थ त्या विहिरींच्या पाण्यात उतरला होता. शहराला आपल्या पाणीपुरवठ्याच्या सुमारे निम्म्या भागास मुकावे लागले.

इंधनाची जमिनीखालील वाटचाल

गळलेल्या इंधनाचा काही अंश मातीच्या कणांना चिकटून राहतो, काही वाफेच्या रूपाने मातीच्या पोकळ्यांत पसरतो, तर काही पाण्यात विरघळतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने उरलेला भाग भूजलाच्या पातळीवर तरंगतो. पावसाळ्यात ही पातळी चढते व उन्हाळ्यात उतरते. तिच्याबरोबर इंधनही वरखाली होऊन मातीचा जाड थर माखतो.

इंधनातील बेंझीन हा घटक रक्ताच्या कर्करोगास कारणीभूत ठरू शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम सुचवली आहे. एक टक्का बेंझीन असलेल्या एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ ग्रॅम बेंझीन असते. केवळ हिशेबाने पाहिल्यास तेवढे बेंझीन जवळपास ९ लाख लिटर पाण्यास या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. म्हणूनच लहानशी गळतीही उपेक्षणीय मानली जात नाही.

तपासणीचे टप्पे

प्रथम कागदपत्रे पाहिली जातात. टाक्यांचे नकाशे, साठा नोंदवही व मापनपट्टीच्या नोंदी यांचा ताळा घेतल्यास वर्षानुवर्षांची तूट ध्यानात येते. आसपासच्या विहिरी, कूपनलिका, तळघरे व गटारे यांचीही नोंद केली जाते.

रिकाम्या टाकीतील वाफ स्फोटक असू शकते. म्हणून ती काढून टाकल्यावर व वायुमापकाने खात्री केल्यावरच टाकी वर उचलली जाते. त्यानंतर खड्ड्याचा तळ, चारही बाजू, नळांचे जोड व इंधन भरण्याच्या यंत्रांखालची जागा येथून मातीचे नमुने घेतात. नमुना घेताच तो हवाबंद करून सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो. उघड्यावर कालवलेल्या किंवा उन्हात राहिलेल्या मातीतून बेंझीन उडून जाते आणि दूषित जागेचा अहवालही निर्दोष येऊ शकतो.

प्रयोगशाळेत वायुवर्णलेखनाच्या साहाय्याने बेंझीन, टोल्यूईन, इथिलबेंझीन, झायलीन व एकूण हायड्रोकार्बन मोजले जातात. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले; त्यापूर्वीच्या टाक्यांच्या परिसरात शिशाचीही चाचणी करणे उचित ठरते.

खड्ड्यात प्रदूषण आढळल्यास बाहेरच्या दिशेने छिद्रे घेत त्याची सीमा शोधली जाते. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात.

दख्खनच्या पठारावरील विशेष अडचण

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळ्या मातीखाली मुरूम व बेसाल्ट खडक आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तर खडकातील पाणी मुख्यतः सांधे व फटींतून वाहते. त्यामुळे टाकीलगतचे छिद्र स्वच्छ निघूनही दूरच्या विहिरीस इंधनाचा वास येऊ शकतो. अशा ठिकाणी केवळ खड्ड्याभोवतीच्या नमुन्यांवरून जागा निर्धोक ठरवता येत नाही.

निष्कर्ष व उपाय

प्रदूषणाचा उगम, त्याचा मार्ग आणि त्याची बाधा पोहोचणारे लोक या तिन्हींची साखळी जुळते काय, यावर धोका ठरतो. त्यानुसार दूषित माती काढून नेणे, जमिनीतील वाफ शोषून घेणे, तरंगते इंधन उपसणे किंवा हवा पुरवून सूक्ष्मजीवांकरवी त्याचे विघटन घडवणे, असे उपाय योजतात.

भारतातील नियमन

इंधन साठ्याचे परवाने पेट्रोलियम नियम, २००२ अन्वये दिले जातात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवीन पेट्रोल पंप शाळा, रुग्णालये व निवासी वस्तीपासून सामान्यतः ५० मीटर दूर असावा लागतो. दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी २०२५ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र नियम अधिसूचित केले.