मुलींची कराटेची आवड नववीत कुठे जाते?

पाचवी-सहावीपर्यंत कराटेच्या वर्गात मुली आणि मुलं सारख्याच जोरात ओरडतात, सारख्याच लाथा मारतात. नववीपर्यंत मुलींची रांग विरळ होते. मग आपण म्हणून मोकळे होतो, ‘मुलींना मारामारीच्या खेळात रसच नसतो.’ वाशीमसारख्या जिल्ह्यात तरी हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

साधारण ११-१२ वर्षांपर्यंत दोघांच्या ताकदीत फार फरक नसतो. उलट उंचीत मुलीच आधी पुढे जातात. त्यानंतर टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू भरू लागतात. ठोशातला जोर वाढलेला मुलाला स्वतःलाच जाणवतो आणि खेळाची गोडी लागते. मुलीची याच सुमारास पाळी सुरू होते, शरीराला लोह जास्त लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. हिमोग्लोबिन कमी असलं की स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो. थोड्याच वेळात धाप लागते, पाय जड होतात. ती म्हणते, ‘आज नको.’ घरचे म्हणतात, ‘तिचं मनच लागत नाही!’

म्हणून वर्ग बंद करण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. या वयाच्या मुलींमध्ये ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको. पाळीत त्रास नसेल तर सराव थांबवण्याचं कारण नाही.

दुसरा फरक हेतूचा. मुलगा आखाड्यात जातो तो जिंकायला. जत्रेतली दंगल त्यानं लहानपणापासून पाहिलेली असते. मुलीला बहुतेकदा पाठवलं जातं ते काळजीपोटी. समग्र शिक्षा अभियानातही सहावी ते बारावीच्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण आहे. ते हवंच. पण तीन महिन्यांनंतर पुढे काय? स्पर्धा, पट्टा, संघ असं काही समोर दिसलं नाही तर आवड टिकायची कशी? महाराष्ट्र केसरी १९६१ पासून रंगते; महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ उजाडलं.

मुलांच्या उत्साहालाही एक धोकादायक बाजू आहे. खालच्या वजनगटात बसण्यासाठी काही जण उपाशी राहतात, पाणी तोडतात. वाढीच्या वयात हे अजिबात नको. चक्कर आली किंवा लघवी गडद झाली तर सराव तिथेच थांबवावा.

तिसरी गोष्ट साधी, पण बहुधा सगळ्यात मोठी: एसटी. मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलीला शाळा सुटल्यावर गाडी गाठायची असते. वर्ग संध्याकाळी सहाला असेल तर मुलगा मित्राच्या गाडीवर मागे बसून परततो. तिला तशी मुभा कोण देणार? तोच वर्ग शाळेच्या वेळेत, खेळाच्या तासाला घेऊन पाहावा आणि मग नववीतल्या मुलींची रांग मोजावी.