संगणकांत कोणाची वस्तु कोठें ठेवावी?

शाळेच्या संगणक-कक्षांत लिनक्सवर काम करणारीं मुलें आम्हांस नेहमीं विचारतात, नवें पॅकेज बसविलें म्हणजे त्याच्या फाइली एका जागीं न राहतां चहूंकडे कां पांगतात? पालकांसही हें गूढ वाटत असेल. म्हणून येथें थोडा खुलासा करितों.

लिनक्समध्यें सर्व फाइली एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांवर असतात. कोणत्या फांदीवर काय असावें, याचे नियम १९९४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले, त्यांची ३.० ही आवृत्ति २०१५ सालची. त्यांचें मर्म दोन प्रश्नांत आहे. फाइल रोजच्या कामांत बदलते कीं तशीच राहते? ती अनेक संगणकांस सामाईक चालेल कीं याच एकापुरती आहे? प्रोग्राम स्वतः बदलत नाहीं व सामाईक चालतो, म्हणून त्याची जागा 'यूएसआर'. (जुन्या युनिक्समध्यें येथें वापरणाऱ्यांचीं घरें असत; नांव तेवढें मागें राहिलें.) कामाच्या नोंदी, छपाईसाठीं रांगेंत थांबलेले कागद हें सारें 'व्हार' मध्यें. या संगणकापुरत्या सेटिंग 'ईटीसी' मध्यें. तेथें प्रोग्राम ठेवण्यास मनाई आहे. अशी वांटणी असल्यामुळें 'यूएसआर' ला लिहिण्याची बंदी घालूनही संगणक चालतो. बाहेरच्या विक्रेत्याच्या पॅकेजानें 'ऑप्ट' मध्यें स्वतःच्या नांवाचें दालन करून राहावें. मात्र त्याच्या सेटिंग 'ईटीसी/ऑप्ट' मध्यें व बदलती सामग्री 'व्हार/ऑप्ट' मध्यें जावी.

'यूएसआर/लोकल' ही जागा मात्र त्या संगणकाच्या व्यवस्थापकाची. डेबियनचें धोरण आपल्या पॅकेजांस तेथें रिकाम्या फोल्डरांपलीकडे कांहींच ठेवूं देत नाहीं.

याचें महत्त्व आम्हांस हानि सोसून कळलें. गुणांची बेरीज करणारा एक लहानसा प्रोग्राम आम्हीं 'यूएसआर/बिन' मध्यें, म्हणजे पॅकेजांच्या प्रोग्रामांच्या जागीं, ठेविला होता. पुढें एक पॅकेज बसविलें. त्यांत नेमकी त्याच नांवाची फाइल निघाली. पॅकेजें बसविणाऱ्या यंत्रणेच्या दप्तरीं आमच्या फाइलीची नोंदच नव्हती. तिनें न विचारतां आपली फाइल त्या जागीं घातली, आणि आमचें दोन दिवसांचें काम गेलें. दोष तिचा नव्हे. दुसऱ्याच्या कोठारांत आपलें धान्य आम्हींच ठेविलें होतें.

तो प्रोग्राम पुन्हां लिहिला. आतां तो 'यूएसआर/लोकल/बिन' मध्यें आहे, आणि मधल्या काळांत प्रणालीची आवृत्ति दोनदां बदलली तरी तेथेंच आहे.