परसातील आरोहण-भिंत

परवा शेजारचे चिरंजीव कुंपणाच्या गजांवर चढताना पाहून त्यांच्या मातोश्रींनी मुलांसाठी परसात चढण्याची भिंत उभारता येईल का, असे विचारले. मला आरोहणाचा जुना व्यासंग असल्याने त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो.

साधे प्लायवुड पावसात फुगून त्याचे थर सुटतात, म्हणून 18 मिलिमीटर जाडीचे, आयएस 710 मानकाचे मरीन प्लायवुडच घ्यावे.

तक्ता उभा करण्यापूर्वीच सुमारे 20 सेंटिमीटरच्या अंतराने छिद्रे पाडून मागून दातेरी टी-नट ठोकावेत, म्हणजे पुढून बोल्ट आवळून बसवलेल्या पकडी, मूल जसजसे वाढेल तसतशा, हव्या तेथे हलवता येतात.

भिंत मजबूत खांबांना जखडून पुढे किंचित झुकती ठेवावी. हात सुटलेले मूल मग खालच्या पकडींवर न घासता मोकळे खाली येते.

पायथ्याशी नुसत्या हिरवळीवर विसंबू नये. सभोवार 6 फुटांपर्यंत लाकडी ढलप्यांच्या 12 इंच थराची तजवीज करावी.

पकड बोटांखाली जराही फिरली, की चढणे तत्काळ थांबवून बोल्ट आवळावा, आणि पावसाळा सरताच सर्वच बोल्टांची तपासणी करावी.

कोणास मापे वा साहित्याविषयी शंका असल्यास अवश्य विचारावी. यथाशक्ती उत्तर देईन.