अकरा जणांचा खेळ, लाखोंचा जीव

क्रिकेटचा सामना रंगात आला, फलंदाजांची जोडी जमली, की घरातल्या कुणालाही जागेवरून हलू न देणारे गृहस्थ आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. पाणी प्यायला उठलेल्या पोरामुळेच विकेट पडली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. या मंडळींचा अमेरिकेतला सख्खा भाऊ पाहायचा असेल, तर २०१२ सालचा 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक' हा चित्रपट पाहावा. रॉबर्ट डी निरोने त्यात फिलाडेल्फियाच्या 'ईगल्स' या फुटबॉल संघाचा निस्सीम भक्त उभा केला आहे. सामन्याच्या दिवशी टीव्हीचे रिमोट ठरावीक पद्धतीनेच मांडलेले हवेत, हातात तो ठरलेला रुमाल हवा आणि मनोरुग्णालयातून नुकताच घरी परतलेला मुलगा शेजारी बसलेला हवा. मुलाला हा सारा खुळेपणा वाटतो. प्रेक्षकाला मात्र हळूहळू उमगते, की या बापाला मुलाशी बोलायची दुसरी भाषाच येत नाही.

अमेरिकन फुटबॉलचे वेड आणि त्या वेडावरचे चित्रपट यांचे सारे मर्म या एका बैठकीत आहे. हे वेड माणसांना एकत्र आणते, हे खरे. पण त्याची किंमत बऱ्याचदा दुसराच कुणीतरी मोजत असतो, हेही तितकेच खरे. गेल्या तीसेक वर्षांतल्या चित्रपटांनी या दोन्ही बाजू दाखवल्या आहेत.

चार प्रयत्न, दहा यार्ड

हा खेळ आहे तरी काय? मुलाकडे किंवा लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांना विचारा. थंडीतल्या रविवारी नातवंडे टीव्हीपुढून हलत नाहीत आणि आपल्याला मात्र काही केल्या कळत नाही, ही त्यांची तक्रार! नाव फुटबॉल, पण पायाचे काम अगदी थोडे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा-अकरा धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात, शिटी वाजते आणि सगळे पुन्हा घोळका करून कुजबुजायला लागतात.

सूत्र मात्र सोपे आहे. शंभर यार्डांचे मैदान. ज्याच्याकडे चेंडू, त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की 'टचडाऊन' आणि सहा गुण. बुद्धिबळाचा डावपेच आणि कबड्डीची झटापट एकाच ताटात वाढावी, तसा हा प्रकार.

गंमत म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने साठ मिनिटांचा हा सामना तीन तासांहून अधिक चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटे. उरलेला सारा वेळ प्रेक्षकांचा. त्यात तर्क लढवायचे, वाद घालायचे, प्रशिक्षकाला शिव्या घालायच्या. म्हणून हा खेळ एकट्याने पाहण्याचा नाहीच, तो चारचौघांत पाहायचा. शिवाय साखळीत प्रत्येक संघाचे सामने अवघे सतरा. त्यामुळे प्रत्येक रविवार सणासारखा. २०२५ च्या 'सुपर बोल' अंतिम सामन्याला अमेरिकेत सरासरी पावणेतेरा कोटी प्रेक्षक लाभले, ते उगाच नव्हे.

सत्तावन्न वर्षांची वाट

तो सामना जिंकला ईगल्सनेच, पण फिलाडेल्फियाकरांची खरी दिवाळी झाली ती २०१८ मध्ये. त्याआधीचे अजिंक्यपद १९६० चे. मधल्या काळात 'सुपर बोल' ही स्पर्धा जन्माला आली, नावारूपाला आली आणि ईगल्सच्या हाती ती एकदाही लागली नाही. इथले चाहते मुळातच नाठाळ. १९६८ मध्ये संघाच्या रडकथेला वैतागून त्यांनी मैदानात आलेल्या सांताक्लॉजवर बर्फाचे गोळे फेकले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या दंगामस्तीपायी स्टेडियमच्या तळघरात चक्क न्यायालय भरवावे लागले. २०१८ मध्ये विजयाच्या भरात कुणी दिव्याच्या खांबांवर चढू नये, म्हणून पालिकेने खांबांना तेलकट वंगण फासले. पठ्ठे तरीही चढलेच! ४ फेब्रुवारी २०१८ रोजी ईगल्सने न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ४१-३३ असे हरवले आणि शहर रस्त्यावर उतरले. ज्यांच्या मांडीवर बसून पहिला सामना पाहिला ते वडील हा दिवस पाहायला राहिले नाहीत, याचे दुःखही अनेकांच्या आनंदात मिसळलेले होते.

चित्रपटवाल्यांना असा मालमसाला आणखी कुठे मिळणार? १९९३ च्या 'रूडी'त जेमतेम साडेपाच फूट उंचीचा, अभ्यासात अडखळणारा कामगाराचा मुलगा नोत्र दाम विद्यापीठाच्या संघात शिरतो आणि अखेरच्या सत्तावीस सेकंदांसाठी मैदानात उतरतो. कथा खरी, पण सहकाऱ्यांनी एकेक करून आपापली जर्सी प्रशिक्षकाच्या टेबलावर ठेवल्याचा हृद्य प्रसंग कल्पित. २००० च्या 'रिमेंबर द टायटन्स'मध्ये १९७१ सालच्या व्हर्जिनियातल्या एका शाळेत गोरी आणि काळी मुले एका संघात येतात, तेव्हा डेन्झेल वॉशिंग्टनचा प्रशिक्षक त्यांना आधी माणूस म्हणून आणि मग खेळाडू म्हणून घडवतो. हे चित्रपट पाहताना डोळे पाणावतात आणि पाणावू द्यावेत.

टाळ्यांमागचा हिशेब

मात्र पडद्यावरचा कॅमेरा हळूहळू खेळाडूवरून चाहत्याकडे वळला. सुरुवात पुस्तकाने झाली. बझ बिसिंगर हा फिलाडेल्फियाचाच पत्रकार १९८८ मध्ये टेक्सासमधल्या ओडेसा गावी मुक्कामाला गेला आणि एका शाळेच्या संघाबरोबर अख्खा हंगाम राहिला. १९९० मध्ये त्याचे 'फ्रायडे नाइट लाइट्स' प्रसिद्ध झाले, २००४ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर सगळे गाव आपली स्वप्ने आणि आपली अपयशे लादते. बूबी माइल्स हा गावाचा लाडका खेळाडू गुडघा दुखावून बसतो आणि बघता बघता गाव त्याला विसरते. ओडेसाकरांना पुस्तक झोंबले. आरसा आवडतो कुणाला?

२००९ चा 'बिग फॅन' त्याच्याही पुढे गेला. न्यूयॉर्क जायंट्सचा भक्त असलेला वाहनतळावरचा साधा नोकर आपल्या लाडक्या खेळाडूकडूनच एका क्लबात बेदम मार खातो. तक्रार केली तर खेळाडू बाहेर बसेल, संघ हरेल, म्हणून हा गृहस्थ तोंडच उघडत नाही! हसावे की रडावे कळत नाही.

त्याच वर्षीच्या 'द ब्लाइंड साइड'ची कथा पडद्याबाहेर अधिक गाजली. बेघर मायकेल ओहरला घरात घेणाऱ्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाची ही गोष्ट. सँड्रा बुलकला तिने ऑस्कर मिळवून दिले. २०२३ मध्ये ओहर न्यायालयात गेला. आपल्याला दत्तक घेतलेच नव्हते, केवळ कायदेशीर पालकत्वाखाली ठेवले होते, असे त्याचे म्हणणे. चित्रपटाच्या कमाईबाबतचे आरोप त्या कुटुंबाने फेटाळले, पण ते पालकत्व न्यायालयाने संपुष्टात आणले. गोड गोष्टीतल्या नायकाला स्वतःची गोष्ट सांगायला चौदा वर्षे लागली.

आणि मग २०१५ चा 'कन्कशन'. पिट्सबर्ग स्टीलर्सला चार सुपर बोल जिंकून देणाऱ्यांतला माइक वेब्स्टर निवृत्तीनंतर भ्रमिष्टासारखा झाला, कधी स्वतःच्या ट्रकमध्ये झोपू लागला आणि २००२ मध्ये पन्नाशीतच गेला. बेनेट ओमालू या नायजेरियन वंशाच्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांच्या खुणा त्यात सापडल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यावसायिक लीगमधून खेळलेल्या १११ दिवंगत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हाच विकार आढळला. बहुतेक मेंदू शंका आलेल्या कुटुंबीयांनीच दान केलेले होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूची हीच गत होते असे म्हणता येणार नाही. तरीही आकडा झोप उडवणारा आहे. त्यानंतर नियम बदलले. २०१८ पासून डोके खाली घालून हेल्मेटने धडक मारणे नियमबाह्य ठरले, २०२४ मध्ये सुरुवातीच्या किकची पद्धत बदलली. २०२५ मध्ये तर 'हिम' हा चित्रपट आला आणि त्यात फुटबॉल थेट भयपटाचा विषय झाला.

मग चाहत्याने करावे काय? टीव्ही बंद करून बसावे? बाप-लेकांना जोडणारा, गावाला सणाचा आनंद देणारा धागा असा तोडता येत नाही आणि तोडूही नये. पण प्रेम करणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला हवेत. नियम कडक झाले म्हणून खेळातला थरार गेला, अशी ओरड करणाऱ्यांत निदान आपला आवाज नसावा.

माइक वेब्स्टर 'सेंटर' म्हणून खेळायचा. फळीच्या मधोमध ओणवा उभा राहून हा गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि पुढच्याच क्षणी समोरच्या राक्षसी गड्याची धडक अंगावर घेतो. खेळातली जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, पण नजर त्याच्यावर कुणाचीच नसते. सगळे डोळे चेंडूमागे धावतात. नातवंडांबरोबर कधी हा सामना पाहायचा योग आला, तर दोन-चार चाली चेंडू सोडून त्या मधल्या माणसाकडे पाहा. खेळ तर कळेलच, आणि टाळी वाजवताना ती नेमकी कुणाच्या जिवावर वाजते आहे, हेही कळेल.