कॅलेची गोष्ट: नॉकआउट कपमध्ये छोटी टीम फायनलला पोचते कशी?

आजच्या एपिसोडची सुरुवात एका कबुलीने करतो. मला नॉकआउट स्पर्धा अजिबात आवडायच्या नाहीत. बीटेकच्या शेवटच्या वर्षी प्लेसमेंटच्या तीन राऊंड नीट पार केल्या, चौथीत एका प्रश्नावर अडकलो आणि विषय संपला. आधीच्या चार वर्षांत काय केलं, ते कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं होतं: खरी स्पर्धा म्हणजे लीग. तिथे एक दिवस वाईट गेला तरी पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो.

मग मी फ्रान्सच्या राष्ट्रीय कपचा, म्हणजे कुप द फ्रान्सचा, 1999-2000 चा सीझन नीट बघितला. आणि माझं मत जरा हललं.

आधी स्पर्धा समजून घेऊ. यात मोठ्या क्लबांबरोबर गावोगावचे हौशी क्लबही उतरतात. हजारो टीम असतात. छोटे क्लब सुरुवातीच्या राऊंड खेळत वर येतात, पहिल्या डिव्हिजनचे क्लब शेवटच्या 64 मध्ये सामील होतात. हरलात की घरी. प्रत्येक मॅच बरोबर एक टीम बाहेर काढते, त्यामुळे टीम कितीही असोत, मॅचेस लागतात त्याहून फक्त एक कमी.

आता कॅले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदराचं शहर, समोर इंग्लंड. तिथला क्लब तेव्हा चौथ्या पातळीवर खेळायचा. खेळाडू हौशी, दिवसा आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी सरावाला येणारे. कोच लादिस्लास लोझानो.

या टीमने आधी लीलला हरवलं. हा क्लब त्याच सीझनमध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला येऊन वर गेला. मग कानला हरवलं, तोही दुसऱ्या डिव्हिजनचा. क्वार्टर फायनलला पहिल्या डिव्हिजनचं स्त्रासबूर्ग, 2-1. आणि सेमीफायनलला बोर्दो, म्हणजे फ्रान्सचे चालू लीग चॅम्पियन. त्यांना 3-1! ही मॅच लाँसच्या मोठ्या स्टेडियमवर झाली.

आता इथे थांबा, कारण खरी गंमत स्कोअरमध्ये लपलेली आहे. लीलविरुद्ध 1-1, निकाल पेनल्टी शूटआउटवर. कानविरुद्ध 1-1, पुन्हा पेनल्टी. बोर्दोविरुद्ध 90 मिनिटं संपली तेव्हा 0-0 होतं, सगळे गोल एक्स्ट्रा टाइममध्ये झाले. म्हणजे या चार मोठ्या मॅचेसपैकी 90 मिनिटांत कॅलेने जिंकली फक्त एक. लीगच्या हिशेबाने हे झाले तीन ड्रॉ आणि एक विजय. चांगला निकाल, पण त्याची दंतकथा होत नाही.

माझ्या मते नॉकआउटची गोम इथेच आहे. छोट्या टीमला जिंकायची घाई नसते. 90 मिनिटं हरायचं नाही, एवढंच काम. गोल खायचा नाही, मॅच लांबवायची. जितका वेळ बरोबरी राहील तितकं दडपण मोठ्या टीमवर वाढतं. आणि पेनल्टीपर्यंत पोचलात की दोन टीममधला फरक खूपच कमी होतो. तिथे 12 यार्डांवर बॉल ठेवलेला असतो आणि समोर फक्त गोलकीपर.

याला नुसतं नशीब म्हणू नका. समजा, प्रत्येक मोठ्या टीमविरुद्ध तुमची शक्यता चारात एक आहे (आकडा माझा, फक्त समजण्यासाठी). असे चार विजय लागोपाठ मिळण्याची शक्यता 256 मध्ये एक! दहा छोट्या क्लबांपैकी निदान एकाने तरी एखादा धक्का देण्याची शक्यता मात्र याच हिशेबाने सुमारे 94 टक्के. म्हणून एखादा धक्का जवळपास दरवर्षी दिसतो, पण कॅले रोज घडत नाही.

फायनल 7 मे 2000 ला, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर. समोर नाँत, आदल्या वर्षीचे कपविजेते. 34 व्या मिनिटाला जेरोम द्युतीत्रने गोल केला आणि हाफटाइमला कॅले 1-0 ने पुढे! दुसऱ्या हाफमध्ये अँतवान सिबिएर्स्कीने बरोबरी केली. आणि अगदी शेवटी नाँतला पेनल्टी मिळाली. ती द्यायला हवी होती का, यावर खूप वाद झाला. सिबिएर्स्कीने ती मारली. 2-1. सगळा सीझन 90 मिनिटं टिकण्यावर उभा होता, आणि एक्स्ट्रा टाइम दोन पावलांवर असताना तो संपला.

मग नाँतचा कॅप्टन मिकाएल लाँद्रो, वय 20, याने कॅलेच्या कॅप्टनला, रेजिनाल्ड बेकला, सोबत बोलावलं आणि दोघांनी मिळून कप उचलला.

गोष्ट इथे थांबवली असती तर छान वाटलं असतं. पण पुढचंही सांगायला हवं. 2008 मध्ये कॅलेत नवं स्टेडियम उघडलं, त्या प्रवासाच्या आठवणीत नाव दिलं ‘स्ताद द लेपोपे’, म्हणजे महाकाव्याचं स्टेडियम. आणि 2017 मध्ये पैशांच्या अडचणीत क्लबच बंद झाला. स्टेडियम राहिलं, क्लब गेला. आणि नाँत? फायनलच्या पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, लीग चॅम्पियन.

तर लीग की कप? आज मला वाटतं, दोन्हींचे प्रश्नच वेगळे आहेत. लीग विचारते, वर्षभर तू कसा आहेस? कप विचारतो, आज जमेल का? क्लब चालवायचा तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर लागतं, एका सुंदर सीझनवर वर्षानुवर्षांचा खर्च निघत नाही. पण दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नसता, तर कॅलेचं नाव आज आपण घेतलं असतं का?

माझी ती चौथी राऊंड अजूनही खुपते, खोटं कशाला बोलू. पण त्याच दारातून कुणीतरी कॅले आत गेला असेल, हे आता कळतं.

तुमच्या आठवणीतला असा एखादा सीझन असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!