सोनपेठ ते परळी: पाण्याचा उलटा प्रवास

नकाशावर सोनपेठ आणि परळी वैजनाथ यांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे 20 किलोमीटर भरते. सडकेने त्यात चार-पाच किलोमीटरची भर पडते. वाटेत जिल्हाही बदलतो. सोनपेठ हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, तर परळी बीड जिल्ह्यातली. सरकारी कामासाठी परभणीला जायचे, तर सरळ रेघेचे अंतरच 40 किलोमीटरच्या वर जाते, शिवाय मध्ये गोदावरी आडवी येते. पाथरी, मानवत, परभणी नदीच्या उत्तरेला. सोनपेठ, गंगाखेड, पालम दक्षिणेला. सोनपेठ गावात रेल्वे नाही. परळीला मात्र जंक्शन आहे आणि बारा ज्योतिर्लिंगांत गणला जाणारा वैजनाथही.

पण या दोन गावांमधले खरे नवल सडकेवर दिसत नाही. ते पाण्यात आहे.

परळी बालाघाटाच्या पायथ्याशी, चढावर वसलेली. सोनपेठ गोदावरीच्या सखल काळ्या रानात. बालाघाटातून निघालेली वाण नदी उताराने सोनपेठकडे येते आणि पुढे गोदावरीला मिळते. तिथल्या गावाचे नावच वाणीसंगम. वाटेत परळी तालुक्यातल्या नागापूरला याच नदीवर धरण आहे. परळी शहर त्याचेच पाणी पिते.

म्हणजे निसर्गाचा नेम परळीकडून सोनपेठकडे. माणसाने तो उलटा फिरवला. परळीचे औष्णिक वीज केंद्र 1971 साली सुरू झाले. अशा केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, त्या वाफेवर जनित्र फिरते, आणि वापरलेली वाफ थंड करायला पुन्हा पाणीच लागते. थंड करताना बरेचसे पाणी हवेत उडून जाते, म्हणून ते सतत भरावे लागते. ही तहान भागवण्यासाठी सोनपेठ तालुक्यातल्या खडका येथे गोदावरीवर बंधारा आहे. तिथून पंपांनी उचललेले पाणी नळांतून चढ चढत परळीला पोहोचते.

वीज महाराष्ट्रभर जाते, तिच्यामागे सोनपेठच्या शिवारातले पाणी आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी असे मला मनापासून वाटते. 2013 च्या दुष्काळात खडक्याचे पाणी आटले, तेव्हा कोळसा हाताशी असूनही परळीचे संच बंद ठेवावे लागले.