नोंदींची प्रत आणि तिची परीक्षा

सिकलसेलचा रुग्ण औषधासाठी एटापल्लीस येतो, तेव्हा मागील रक्ततपासण्या पाहूनच डॉक्टर हायड्रॉक्सियुरियाची मात्रा ठरवितात. नोंद हरपली, तर झळ रुग्णालाच पोहोचते. म्हणून नोंदींचे जतन हा आम्ही रुग्णसेवेचाच भाग मानतो.

आपल्या कार्यालयातील संगणक लिनक्सवर चालतो. त्यावरील ‘डेजा डुप’ हा विनामूल्य प्रोग्राम रोज होम फोल्डरची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेतो. जुन्या तारखांच्या प्रतीही राहत असल्याने आज चुकून पुसलेली फाइल कालच्या प्रतीतून मिळते. प्रत सांकेतिक रूपात असते. पासवर्ड विसरल्यास ती आम्हालाही उघडता येणार नाही. म्हणून तो मोहोरबंद पाकिटात विश्वस्तांकडे दिला आहे. पूर, आग वा विजेचा धोका ध्यानी घेऊन दुसरी डिस्क गडचिरोलीस ठेवली आहे.

प्रत घेतली म्हणजे निश्चिंत झालो, हा आमचा समज मात्र पहिल्याच चाचणीत खोटा ठरला. पत्रे व हिशेब परत मिळाले. रुग्णनोंदींचा डेटाबेस मिळाला नाही. तो होम फोल्डरबाहेर असल्याने प्रतीत आलाच नव्हता. मूळ नोंदी शाबूत होत्या, हे सुदैव. आता डेटाबेसची फाइल रोज प्रथम होम फोल्डरमध्ये उतरविली जाते.

दरमहा आम्ही प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून काही नोंदी कागदी केसपेपरशी ताडून पाहतो. हिशेबाचा ताळा जुळल्याखेरीज आम्ही वही मिटत नाही; येथेही तोच नियम पाळला जाईल, अशी ग्वाही देणगीदार व रुग्णांच्या कुटुंबीयांस नम्रपणे देतो.